बाभळीच्या काट्यावरची गाणी

गाणं संपलं की नथूआप्पा आपल्या कर्ण्याच्या फोनोपुढे पाण्याचा तांब्या ठेवायचे. "बाई दमनी, बठू द्या तिले," म्हणायचे. तांब्यातलं पाणी कुणी पीत नसे, पण तो उचलेपर्यंत दुसरी तबकडी लागत नसे. पुरुष गायक असला तर विश्रांती जरा कमी. "गडी माणूस शे, चाली जाई."

आप्पा आमचे कोरीट गावातले शेजारी, भिंतीला भिंत लागून. कपाशी विकायला सुरतेला गेले की येताना हिंदी सिनेमाच्या गाण्यांची एक तरी तबकडी धोतराच्या घड्यांत गुंडाळून आणायचे. सिनेमा मात्र त्यांनी जन्मात एकही पाहिला नव्हता. प्रत्येक गाण्याची गोष्ट ते स्वतः रचत. एका विरहिणीचं माहेर त्यांनी नवापूरला नेऊन ठेवलं होतं.

मी तेव्हा धुळ्याहून नुकती लग्न होऊन आलेली, सातवी पास. माझं नाक माझ्याआधी घरात शिरायचं. गळा गोड असल्याचा समजही होता, तो फक्त माझाच. पहिल्याच आठवड्यात मी आप्पांना सुनावलं, "हा सिनेमा मी धुळ्याला पाहिलाय. ती शेवटी मरते."

आप्पांनी तबकडी धोतराच्या फडक्याने पुसली आणि म्हणाले, "मरत नही ती. मी रोज ऐकस ना."

आज वाटतं, त्यांचंच बरोबर होतं.

जर्मनीशी लढाई सुरू होती. फोनोच्या पोलादी सुया बाजारातून नाहीशा झाल्या. कुणी हात टेकले असते, पण आप्पा शेताच्या बांधावर गेले आणि बाभळीचे काटे घेऊन आले. लांब, पांढरे, सरळ काटे निवडायचे, उन्हात वाळवायचे, चाकूने टोक तिरपं छाटायचं, की झाली सुई. एका गाण्याला एक काटा. आवाज यायचा, पण भिंतीपलीकडून कुणी गुणगुणावं तसा. संध्याकाळी त्यांच्या अंगणात सगळी गल्ली माना पुढे काढून बसायची. त्यांच्या पत्नी जिजी अगदी कर्ण्याजवळ बसत, त्याही तशाच वाकून. मी मात्र ताठ. धुळ्याच्या मुलीने कर्ण्यापुढे वाकायचं म्हणजे काय?

जिजींशी माझं फारसं जमत नव्हतं. मी अंगणातून हाक मारावी आणि त्यांनी वळूनही बघू नये. नव्या सुनेला पाण्यात पाहतात, असं मी ठरवून टाकलं होतं.

अशात माझा भाऊ मला भेटायला यायचा होता. "आमच्या शेजारी असा फोनो आहे की तुमच्या धुळ्यात नसेल," असं मी माहेरी फुशारून सांगितलेलं. आता त्याला ही कुजबुज ऐकवायची? आप्पांच्या कोनाड्यात मी एकदा पत्र्याची डबी पाहिली होती, आत पोलादी सुया चमकताना. मी मागितल्या.

"त्या नही देवाउत," आप्पा म्हणाले. "काटा लावसूत."

"एकच द्या. माझा भाऊ येतोय."

"भाऊले बी काटाच."

इतका दिलदार माणूस आणि सुईसाठी असा कंजूष. मी चिडले. भाऊ येणार त्या दुपारी, गल्ली शेतात गेलेली असताना, पुन्हा एकदा मागून बघावं म्हणून मागच्या दाराने गेले.

दारातच थबकले. आत गाणं वाजत होतं, खणखणीत. काट्याचं नव्हे, पोलादी सुईचं. फोनो खाटेवर चढवलेला, कर्णा जिजींच्या कानाला जवळजवळ टेकलेला. त्या सुपात तूर निवडत होत्या.

"आज बी काटाच लावेल शे का?" जिजींनी विचारलं. "पहिले कशी मोठी गाये ही बाई."

आप्पा त्यांच्या कानाशी वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "काटाच शे वं. लढाई सरी, सुया येतीन, मंग दखजो कशी गास."

जिजींनी मान डोलावली आणि पुन्हा तूर निवडू लागल्या.

तेवढ्यात आप्पांना मी दिसले. त्यांनी डबीवर हात ठेवला. माझ्या हाकांना ओ का येत नव्हती, ते मला त्या दारात उभं राहून कळलं. आणि आप्पांनी सगळ्या गल्लीला माना पुढे काढायला का लावलं होतं, तेही. सगळेच वाकले, तर एकटीचं वाकणं कुणाला दिसणार? तिला स्वतःलाही दिसलं नसतं.

मी आले तशी परत गेले.

संध्याकाळी भाऊ आला, बसला, आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "ताई, ह्याचा आवाज इतका बारीक कसा?"

"काट्याचा असाच असतो," मी जिजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. "पुढे सरक." आणि मीही पहिल्यांदाच मान पुढे काढून बसले. गाणं संपल्यावर आप्पांनी तांब्या ठेवला. त्या दिवशी तो फोनोपुढे न ठेवता माझ्यापुढे ठेवला.

पुढे लढाई संपली. नंदुरबारच्या बाजारात सुया आल्या. माझ्या नवऱ्याने हौसेने एक डबी आणली, ती मी पेटीत लुगड्यांच्या तळाशी घातली. गल्लीत कुणी सुयांचं नाव काढलं नाही, बांधावरचे काटे येतच राहिले. जिजी अधूनमधून मला जवळ बोलवायच्या.

"सरनी का वं लढाई?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगायची, "नही जिजी. आजून चालू शे."