जोडी बाहेर, एकटा छपराखाली

चौकातल्या शिकवणीवाल्यांनी नव्या फलकावर शोभेला म्हणून √५० छापलं होतं. आमच्या शेजारच्या मंदाबाईंनी भाजीची पिशवी माझ्या हातात कोंबली, चहाच्या गाड्यावरचं स्टूल ओढलं, सत्तरीत त्यावर चढल्या आणि पर्समधल्या जाड पेनानं पुढं लिहिलं: = ५√२.

उतरून म्हणाल्या, "आता बरं वाटलं. पाचांची जोडी आत कोंडली होती मेल्यांनी!"

फलटणच्या शाळेत बाईंनी उभा जन्म गणित शिकवलं. लग्न केलं नाही. वर्गमुळाच्या चिन्हाला त्या छप्पर म्हणतात. छपराखालच्या आकड्याचे तुकडे पाडायचे. दोन सारखे तुकडे सापडले की त्या जोडीतर्फे एक बाहेर येतो. जोडीदार नसलेला आतच राहतो. पन्नासात दोन, पाच, पाच. पाच बाहेर, दोन आत. "जोडी बाहेर, एकटा छपराखाली! जोडी आत ठेवून मी ताटावर बसत न्हाई."

आता कौतुकानं सांगते, पण या बाईवर मी सगळा हिवाळा जळत होते.

कारण आमचे हे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. लग्नापासून मी ह्यांच्या सुट्टीकडं डोळे लावून बसलेली. आता रोज संध्याकाळी दोघं समोरासमोर चहा पिऊ, असं मनात किती सजवलं होतं! तर ह्यांनी सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसायचं ठरवलं, आणि माझी संध्याकाळ गेली मंदाबाईंच्या ओसरीवर. वर घरी येऊन म्हणायचे, "बाईंचा चहा लय भारी असतो गं."

सवत असती तर झिंज्या धरल्या असत्या. वर्गमुळाच्या कुठं धरायच्या?

मग मी मेथीची जुडी घेऊन कुंपणाच्या भिंतीला टेकून बसायची. मेथी निवडून व्हायची, कान तिथंच.

"√८ अधिक √१८," बाई विचारायच्या.

"√२६!" हे कवायतीच्या आवाजात.

"आवं हवालदार, दोन घरांची छपरं उचकटून एक घर बांधता व्हय? आधी जोड्या बाहेर काढा. आठातनं दोन बाहेर, अठरातनं तीन. आत काय उरलं?"

"दोन्हीकडं दोनच!"

"आत सारखं असलं की मग बेरीज. पाच √२. घ्या, बिस्किट घ्या."

बिस्किट! माझा जीव नुसता तडफडायचा. पण जळता जळता मला वर्गमुळं येऊ लागली.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ह्यांना घेऊन यायला मी मुद्दाम ओसरीवर गेले. म्हटलं, आज हिशोब संपला, उद्यापासून नवरा माझा. बाईंनी फरशीवर खडूनं √७२ लिहिलं. पुढं लिहिलं २√१८. आणि हात झटकले.

"बास आज. उरलेलं परीक्षा झाल्यावर बघू. याल न्हवं?"

हे मान हलवून चपला शोधायला लागले. मी मात्र फरशीकडं बघतच राहिले. अठरात तीन-तीनांची जोडी धडधडीत बसलेली. चौकात स्टूलवर चढणाऱ्या बाईंना ती दिसली नसेल? मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि पदरानं फरशीचा कोपरा पुसायला लागल्या, जिथं काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी तोंड मिटलं.

परीक्षा झाली त्या संध्याकाळी मी दोघांचा चहा टाकला, हवा तसा, समोरासमोर. हे पहिला घोट घेणार तेवढ्यात मीच म्हटलं, "उठा. बाईंकडं जायचंय."

"आता कशाला? पेपर झाला की."

"बहात्तरातली जोडी आत राहिलीय. जेवल्या नसतील त्या."

किटली घेऊन निघालो. बाई ओसरीवरच होत्या. फरशी पुसली नव्हती. तीन कप मांडले आणि ह्यांच्या-बाईंच्या मधली जागा तेवढी मी पटकावली.