टाळी शिकवणारे नाना

असोद्याला भर कार्यक्रमात नानांनी गाणं थांबवलं, तेव्हा आमची गायिका आ वासून उभी राहिली आणि डान्सरचा एक पाय हवेतच राहिला. गळ्यात अ‍ॅकॉर्डियन तसंच ठेवून नाना स्टेजच्या कडेला गेले आणि पहिल्या रांगेतल्या सरपंचांना म्हणाले, "सरपंच, हात शे का सूप शे?"

मी नानांच्या ऑर्केस्ट्राचा निवेदक. दिवसा जळगावात कारकुनी आणि संध्याकाळी माइक. नाना चक्क विचारत होते, हे हात आहेत की धान्य पाखडायचं सूप! ज्यांनी सुपारी देऊन बोलावलं, त्यांनाच टाळी येत नाही म्हणून झापायचं? नानांनी सरपंचांकडून एकट्यानं टाळ्या घोटवून घेतल्या आणि मगच गाणं पुढे सरकलं. सरपंच दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलवायला आले, हे तर मला अजून पचलेलं नाही.

नाना म्हणायचे, "गाणं आपलं, टाळी गावाची. दोघांचा संसार जमायला नको?" कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही दुपारी जेवून लवंडायचो, तेव्हा हे गृहस्थ गावात शिकवणीला निघायचे. फुकट. पारावरचे म्हातारे, शाळेतली मुलं, कापूस वेचून परतणाऱ्या बायका, कुणाचीच सुटका नसे. एकीनं डोक्यावरच्या गाठोड्याकडे बोट दाखवलं, तर म्हणाले, "अक्का, पायानं ठेका धर." ती खरोखर ठेका धरत घरी गेली.

एकदा मुक्ताईनगरला मंत्र्यांच्या सभेतही ते उठून उभे राहिले. टाळ्या विस्कळीत पडताहेत, म्हणाले. हवालदारानं दंडाला धरून बाहेर काढलं, तर जाता जाता त्यालाच सांगितलं, "तुमचं डावं पाऊल मागं पडतंय." मी दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखा आभाळाकडे बघत बसलो.

असा माणूस भडगावची सुपारी मात्र कधी घेत नसे. भडगाव त्यांचं गाव. पेटीच्या नादानं नाना शेत सोडून जळगावला आले, तेव्हापासून त्यांचे वडील, आबा, त्यांच्याशी बोलत नव्हते. मुलाचा ऑर्केस्ट्रा त्यांनी एकदाही ऐकला नव्हता. अखेर गावकरीच हटून बसले आणि नानांना हो म्हणावं लागलं. त्या दिवशी शिकवणीत त्यांचं लक्ष नव्हतं. प्रत्येकाला टाळी दाखवून झाली की हळूच विचारायचे, "आबा येतीन का?"

कव्वाली रंगात आली आणि आबा आले. काठी टेकत पुढे येऊन सतरंजीवर बसले. थोडा वेळ नुसते ऐकत राहिले. मग काठी बाजूला ठेवून त्यांनी टाळी द्यायला सुरुवात केली. ती साफ चुकत होती. गावाची टाळी पडून गेली की त्यांची पडायची.

नानांचं अ‍ॅकॉर्डियन थांबलं. आता हा माणूस बापाला सूप म्हणणार.

नाना माइकपाशी आले. "बठ्ठा हात खाले करा," ते गावाला म्हणाले, तसे सगळ्यांचे हात खाली गेले. "आते आबानी टाळी खरी शे." मग ढोलकीवाल्याकडे वळले. "ठेका आबांच्या हातावर धर."

आम्ही धरला. गाणं लंगडलं, गायिका दोनदा अडखळली, पण नाना डोळे मिटून वडिलांच्या टाळीमागे वाजवत राहिले. मी नानांबरोबर गावोगाव हिंडलो, पण असं बेताल आणि असं सुंदर गाणं मी पुन्हा ऐकलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर आबा स्टेजपाशी आले. इतक्या वर्षांनी ते मुलाशी काय बोलतात, म्हणून आम्ही सगळे वायरी गुंडाळायच्या सोडून उभे होतो.

"बरं वाजाडस," आबा म्हणाले. "पन तुना ढोलकीवाला चुकस."

नानांनी वाकून पाय धरले. "हा आबा. त्याले शिकाडसू."

परतताना ढोलकीवाला टेम्पोत धुसफुसत होता. नानांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. जळगाव येईपर्यंत ते मांडीवर हलकेच टाळी देत होते, अगदी आबांसारखी, एक मात्रा उशिरा.