गव्हाणे काकांचा लाल स्टिकर

आमच्या मधाच्या बरणीवर एक लाल गोल स्टिकर आहे. धुऊन निघत नाही, खरवडून निघत नाही. शेजारचे गव्हाणे काका एकदा चहाला आले आणि जाताना तो चिकटवून गेले.

काका नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला होते. जन्मभर दुसऱ्यांनी घडवलेले नटबोल्ट मापले. बरोबर असेल त्याला हिरवा स्टिकर, बाद असेल त्याला लाल, सुधारून चालणार असेल त्याला पिवळा. निवृत्त होताना सगळे घड्याळ घेतात, यांनी उरलेली स्टिकरची रिळं मागून आणली. आता केडगावातल्या आमच्या गल्लीत मापायला नटबोल्ट कुठले? मग त्यांनी लोकांचं खाणं धरलं.

'रात्री भात खाल्ला की अंग सुटतं' असं कुणी म्हणायचा अवकाश, काकांचे दोन प्रश्न तयार. "सॅम्पल किती? तुलनेला कोण?" म्हणजे किती जणांवर करून पाहिलं, आणि ज्यांनी तसं केलं नाही त्यांचं काय झालं. गल्लीत या दोन प्रश्नांच्या भीतीने लोक त्यांच्यासमोर जेवणाचा विषयच काढत नाहीत.

भाताचा प्रयोग तर त्यांनी खरंच केला. महिनाभर सहा घरांनी रात्री भात खायचा, सहा घरांनी भाकरी. दर रविवारी त्यांच्या अंगणात वजनकाटा. अठराव्या दिवशी कोपऱ्यावरच्या घरी लग्न निघालं आणि दोन्ही बाजूंनी जिलेबी हाणली. काकांनी वजनाच्या वहीवरच लाल स्टिकर लावला.

मध घातलेलं गरम पाणी पिऊन चरबी वितळते, असं मी म्हटलं होतं. "इतळून जाती कुठं, ताई? खाली भांडं ठिवता का?" असं म्हणून त्यांनी बरणीकडे हात नेला होता.

बीटाच्या रसाला मात्र पिवळा मिळाला. "पळनाऱ्याला थोडा उपेग हुतो, पन जाहिरातीइतका न्हाई." मग स्वतःवर प्रयोग. दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस पांढराफटक होऊन आमच्या दारात. "ताई, किडनी गेली. लघवी लाल हुतीया." आमच्या ह्यांनी त्यांना स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काल काय प्यायलात एवढंच विचारलं. काका तेव्हापासून त्या रस्त्याने जात नाहीत.

मी मूळची काळजीखोर. मला काळजी करायला कारण लागत नाही, आणि त्या वर्षी तर कारण घरातच होतं. माझी लेक साक्षी पंधराशे मीटर पळते. जिल्ह्यात दुसरी आली, आणि पहिली का नाही आले हे शोधत मोबाईलवर बसली. तिथे कुणीतरी सांगितलं, वजन उतरवलं की वेळ उतरते. भात बंद झाला. मग गूळ, तेल, शेवटी भाकरीही अर्धी. सकाळी दहा किलोमीटर पळून आलेली पोर काकडी खाऊन कॉलेजला जायची. तिच्या हाताची हाडं दिसायला लागली. मी ओरडले, रडले, देवाला नारळ बोलले. चार महिने तिची पाळी आली नाही, आणि एके दिवशी ती मैदानावर चक्कर येऊन पडली.

डॉक्टर म्हणाल्या, आधी खा, मग पळ. साक्षीने मान हलवली आणि घरी येऊन ताट सरकवलं. निवड चाचणी जवळ आली होती ना.

मी रिपोर्ट घेऊन काकांकडे गेले. संकोच वाटत होता, पण जाणार कुणाकडे? त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "बॅटरी उतरली की गाडीचे दिवे आदी मंद हुत्यात, अंगाचं बी तसंच," एवढंच म्हणाले आणि तसेच साक्षीकडे आले.

"तुला ज्यानं सांगितलं त्याचं सॅम्पल किती?"

साक्षी शांतपणे म्हणाली, "काका, जास्त खाल्लं की मी जिंकेनच, याचा पुरावा आहे तुमच्याकडे?"

काका खोटं बोलत नसत. ते उठले आणि गेले. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. वाटलं, आता कुणाचंच ऐकणार नाही ही.

तिसऱ्या दिवशी ते डबा घेऊन आले. डब्यावर ठसठशीत हिरवा स्टिकर. आत शेंगदाणा-गुळाचे लाडू, काही काळपट, काही चेंडूएवढे. "आमच्या पाथर्डीकडं पळनाऱ्या पोरी ह्येच खात्यात. पाय लई हलके हुत्यात. रोज चार, आन् वर दोन भाकरी. न्हाईतर गुन येत न्हाई."

काकांचा हिरवा स्टिकर गल्लीत आजवर कुणाला मिळाला नव्हता. साक्षीने डब्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि एक लाडू उचलला.

डबा संपला की दुसरा यायचा. चाचणी हुकली, त्यासाठी ती दोन दिवस रडली, पण रडून झाल्यावर जेवली. दोन महिन्यांनी पाळी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडले.

रिकामा डबा द्यायला म्हणून काकांकडे गेले. काकू जाऊन पाच वर्षं झाली, त्यांच्या ओट्यावर एरवी चहाचं भांडं तेवढं असतं. त्या दिवशी तीन ताटं लाडू होते. करपलेले, फुटलेले, दगडासारखे. प्रत्येक ताटाला लाल स्टिकर. काका पाटावर बसून शेंगदाणे सोलत होते, बोटं भाजून लाल झाली होती.

मला हसू आलं. मुद्दामच विचारलं, "काका, पाय हलके होतात याला पुरावा काय?"

"न्हाई," ते वर न बघता म्हणाले.

"सॅम्पल किती?"

"येक."

"आणि तुलनेला कोण?"

त्यांचे हात थांबले. "तुलनेला येक पोरगी उपाशी ठिवावी लागती, ताई," ते म्हणाले. "आपल्याकडं येकच हाय."