हिराजीदादांची युनियन

हिराजीदादा घरत कुणाला 'कसा आहेस' असं विचारत नसत. 'पर्मनंट झालास का?' हाच त्यांचा नमस्कार. पनवेलच्या एका लग्नात नवऱ्यामुलाच्या हातात अहेराचं पाकीट ठेवताना त्यांनी त्यालाही हेच विचारलं. तो बिचारा लाजून नवरीकडे बघायला लागला. दादा नोकरीबद्दल विचारत होते.

एकोणनव्वद साली मी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो. दादा तिथल्या युनियनचे सेक्रेटरी. पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसले.

"कागद दिला का?"

"कसला?"

"नेमणुकीचा."

"देतो म्हणालेत."

"म्हंजे नाय दिला." त्यांनी आपल्या वाटीतलं वरण माझ्या भातावर ओतलं. "जेव. कागद नाय त्याला भूक जास्त लागते."

आमच्याकडे सात महिने भरले की ट्रेनीला 'ब्रेक' मिळायचा. महिनाभर घरी बसायचं आणि पुन्हा नवा म्हणून लागायचं, म्हणजे कायम होण्याचा हक्कच सांगता येऊ नये. एक जण तर पाच वर्षं नवाच होता. दादा त्याला 'नवरदेव' म्हणत.

माझ्या पाचव्या महिन्यात उजव्या हातावर कॉस्टिक सोडा सांडून हात भाजला. कंपनी म्हणाली, हा माणूस आमच्या हजेरीपटावरच नाही. दादांनी सगळे पर्मनंट कामगार गेटबाहेर आणून बसवले. लोक कुरकुरत होते.

"ट्रेनीसाठी आपण का बसायचं?" एकाने विचारलं.

"तू जल्मलास तवा पर्मनंट होतास का?" दादा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी माझ्या उपचारांची सोय झाली आणि नेमणुकीचा कागदही आला. हाताला बँडेज, म्हणून दादांनीच तो वाचून दाखवला. दोनदा.

पुढे दिवस फिरले. कंपनीने ठेकेदाराची माणसं आणली आणि जुन्यांना स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म वाटले. एकेक जण दादांची नजर चुकवून सही करून आला. मला सुपरवायझर केलं. सुपरवायझरला युनियनमध्ये राहता येत नाही, म्हणून मी राजीनामा घेऊन दादांकडे गेलो. त्यांनी तो नीट वाचला.

"मुद्दा बरोबर हाय," एवढंच म्हणाले.

दादा रिटायर झाले तोवर युनियनमध्ये त्यांच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. तरी पहिली पाळी सुटायच्या वेळी ते गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर सभासदत्वाचे फॉर्म आणि अंगठ्याच्या शाईची डबी घेऊन बसत. ठेकेदाराची माणसं त्यांना बघून रस्ता ओलांडायची. दादांशी बोलताना जो दिसे, त्याला दुसऱ्या दिवशी काम नसे.

एके दुपारी मी टपरीवर चहा घेत होतो. ड्रम धुणारी चांगुणा सरळ दादांपुढे येऊन उभी राहिली. डोंगराकडच्या वाडीवरची बाई. दोन्ही तळव्यांची सालं निघालेली.

"दादा, युनियन हातमोजं देती का? अंगठा कुठं लावू?"

दादा उठून उभेच राहिले. किती वर्षांनी कुणी असं विचारत होतं. त्यांनी घाईघाईने डबी उघडली, बोट टेकवून शाई पाहिली. मग तिच्या हातांकडे पाहिलं, मग गेटकडे. ठेकेदाराचा मुकादम तिथून बघत होता.

दादांनी डबी मिटली.

"शाई सुकली. जा, वाडीचा टेंपो निघंल."

ती गेली. दादांच्या बोटाला ओली जांभळी शाई लागली होती.

"एकटीचा अंगठा घेतला असता तर उद्या तिला आत घेतली नसती," ते म्हणाले. "मंग तिच्यासाठी गेटवर बसायला कोन हाय?"

मुकादम रस्ता ओलांडून आमच्याकडे यायला निघाला होता.

दादा माझ्यापासून दोन पावलं बाजूला सरकले आणि त्याला ऐकू जाईल असं टपरीवाल्याला म्हणाले, "हे साहेब नुसते चाय प्यायला आलते. आमची वलख नाय."

मी ते खोडून काढलं नाही.