परात उडाली

गुणवंतने लॅपटॉप उघडला आणि गेल्या सहा आठवड्यांत आखातातल्या खलिफा सिटीत दिवसा वाराच सुटला नसल्याचं त्याला कळलं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, आलेखाची रेघ शून्यावर झोपलेली. रात्री मात्र वारा व्यवस्थित वाहत होता.

वारा मोजायचं ते यंत्र त्याने स्वतःच्याच व्हिलाच्या गच्चीवर बसवलं होतं. हिंदी महासागरातल्या एका चिमुकल्या बेटांच्या देशाला पवनचक्क्या उभारायच्या होत्या. यंत्र तिकडे नेण्याआधी ते इथल्या उन्हात टिकतं हे दाखवणं भाग होतं. सोमवारी त्या देशाच्या ऊर्जा खात्यातल्या एमानबाई त्याच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात येणार होत्या. त्यांनी नकार दिला तर गुणवंतचं काँट्रॅक्ट रिन्यू होणार नव्हतं. आणि आज शनिवार होता.

तो गच्चीवर धावला. चादरीवर कुरडया, कुरडयांवर मलमलचं फडकं आणि फडक्याची दोरी यंत्राच्या तीन फिरत्या वाट्यांना करकचून बांधलेली. शेजारी बायको परात घेऊन बसली होती.

"छाया, हे काय आहे?"

"कुरडया. मराठी मंडळासाठी."

"दोरी इथे का बांधलीस?"

"अहो, गच्चीवर दुसरा खांब आहे का? संध्याकाळी सोडते की मी. रात्रभर फिरतात तुमच्या वाट्या."

"त्या फिरायलाच लावल्यात."

"मला वाटलं, कबुतरं घालवायला."

गुणवंत तिथेच टेकला. "मला सहा आठवड्यांचा दिवसाचा वारा हवाय सोमवारी. खलास झालं माझं."

"मग तो आहे की," छाया म्हणाली, "कॅलेंडरवर."

वारा आला की वाळू उडते आणि कुरडईत कचकच येते, म्हणून छाया रोजचा वारा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर टिपून ठेवायची. 'दीड वाजता, मशिदीकडून, फडकं हललं.' 'अडीच, विमानतळाकडून, फडकं उडालं.' आणि बारा तारखेला लाल शाईत: 'चार वाजता परात उडाली.'

नववीतल्या मिहिकाने डोकावून पाहिलं. "बाबा, धिस इज बेटर दॅन युवर डेटा."

रविवारभर गुणवंत पंख्यासमोर बसून होता. किती वाऱ्याला फडकं हलतं आणि किती वाऱ्याला उडतं, हे मोजून त्याने कॅलेंडरवरच्या नोंदींचे आकडे केले. परात मात्र पंख्याला दाद देईना. शेवटी तो आकडा त्याने गाळला, पण सादरीकरणात कॅलेंडरचा फोटो घातला आणि लाल शाई झाकायची राहून गेली.

सोमवारी यंत्राचा आलेख पाहून त्याचे साहेब जमाल हळूच म्हणाले, "हबीबी, ये हवा दिन में छुट्टी पे जाती है क्या?"

एमानबाईंचं लक्ष फोटोकडे होतं. "हे लाल काय आहे?"

गुणवंतला खोटं बोलता येत नसे. प्रयत्न केला तरी कान लाल व्हायचे. त्याने कुरडयांपासून परातीपर्यंत सगळं सांगून टाकलं. जमालसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

एमानबाई उठून पडद्यावरच्या फोटोजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "आमच्या अकरा बेटांवर बायका पिढ्यान्‌पिढ्या मासळी सुकवतात. त्यांनाही हे सगळं ठाऊक असणार. आम्ही त्यांना कधी विचारलंच नाही."

"म्हणजे यंत्र नको?" गुणवंतने कसंबसं विचारलं.

"यंत्र लागेलच. पण ते कुठे लावायचं हे आधी त्या बायकांना विचारू. तुमच्या मिसेस कधी येऊ शकतील?"

काँट्रॅक्ट रिन्यू झालं. पंधरा दिवसांनी दोन तिकिटं आली, सोबत निमंत्रणाचं पत्र. त्यात छायाच्या नावापुढे 'सल्लागार' होतं आणि गुणवंतच्या नावापुढे 'सोबत'.

विमानतळावर यंत्राची पेटी हातात धरून तो काउंटरपाशी घुटमळत होता. ती विमानात आपल्याजवळच राहावी, अशी त्याची इच्छा होती.

"ती टाका लगेजमध्ये," काखेतली परात सावरत छाया म्हणाली. "नाहीतरी दिवसा बंदच असतं ते."