शून्य पूर्णांक सत्त्याऐंशी शतांश नळ

कोणत्याही राष्ट्राची खरी उंची त्या राष्ट्रातून बाहेर पडलेल्या माणसांच्या आकडेवारीवरून ठरते. जे मागे राहतात त्यांची फक्त शिरगणती होते. हे तत्त्व आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाला फार लवकर उमगलं, आणि त्याबद्दल कार्यालयाचं कौतुक करावं तेवढं थोडंच आहे.

आपल्या देशाच्या फुटबॉल संघातले दोन गडी परदेशातल्या संघांकडून खेळतात. दोघेही आघाडीचे, म्हणजे गोल करणं हे त्यांचं काम. (खुद्द देशाच्या संघाने शेवटचा गोल कधी केला, हे कोणाला आठवत नाही. पण तो संघ इथेच राहतो, त्यामुळे त्याची आकडेवारी ठेवण्याची पद्धत नाही.) एक डाव्या पायाने खेळतो, म्हणून त्याला डावऱ्या म्हणायचं. दुसरा डोक्याने गोल करतो आणि त्या डोक्यावर केस नाहीत, म्हणून तो टकल्या. दोघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न कार्यालयात सकाळी साडेदहाला निघायचा आणि संध्याकाळी साडेपाचला उद्यावर जायचा. मध्ये जेवणाची सुट्टी असे. ती वाद न थांबवता घेतली जाई.

दाराशी एक मोठा काळा फळा आहे. त्यावर रोज टाकीतल्या पाण्याची पातळी लिहायची असा नियम होता. आता त्यावर असं लिहिलेलं असतं:

डावऱ्या: सामने ३१, गोल ७, असिस्ट ४.
टकल्या: सामने १९, गोल ५, असिस्ट १.

टाकीची पातळी बंद केली असं कोणी समजू नये. ती फळ्याच्या मागच्या बाजूला लिहिली आहे. ज्याला पाहायची असेल त्याने फळा उतरवावा. त्याला दोन माणसं लागतात, आणि दोन माणसांचं एकमत व्हावं लागतं.

(असिस्ट म्हणजे ज्याच्या पासवर दुसऱ्याने गोल केला, त्याला मिळणारं श्रेय. स्वतः गोल न करता श्रेय मिळतं, ही कल्पना आमच्या कार्यालयाला पुढे फारच मानवली.)

डावऱ्याच्या बाजूचे पुढारी हेडक्लार्क. टकल्याची बाजू आवकबाई लढवत. येणारा प्रत्येक कागद पहिल्यांदा बाईंच्या टेबलावर येतो आणि त्याच्यावर त्या शिक्का मारतात. वाद रंगात आला की शिक्का नुसत्या टेबलावर मारतात.

"सात मोठे की पाच?" हेडक्लार्क विचारत. "पहिलीतलं पोरगंही सांगेल."

"एकतीस सामन्यांत सात! एकतीस सामने माझ्या सासूबाईंना खेळवा, त्याही तीन करतील."

"तुमच्या सासूबाईंना पास कोण देणार?"

"आणि त्या सातातले तीन पेनल्टीचे. समोर एकटा गोलकीपर, बाकी सगळे गप्प उभे. असं तर मीही मारीन, चपला घालून."

"तुमचा टकल्या उतरतो कधी? अर्धा खेळ झाल्यावर. तोवर समोरचे दमलेले असतात. दमलेल्या माणसांपुढे डोकं हलवलं की झाला गोल."

"सातशे साठ मिनिटांत पाच! करा हिशेब. तुमच्या डावऱ्याला तेवढ्यात दोन तरी झाले का?"

मग हेडक्लार्क असिस्ट जोडत, बाई पेनल्टी वजा करत, आणि जेवणाची वेळ होई. माझ्या पाहण्यात एकदाही कोणी कोणाला पटवलं नाही, आणि एकदाही कोणी कंटाळलं नाही. इतकी वर्षं मी या कार्यालयात शिपाई आहे. इतकी हुशार माणसं इतक्या चिकाटीने एकाच कामाला लागलेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

अशात एक दिवस इस्त्रीवाल्या मावशी आल्या. त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि घरातच लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून देतात. पाण्याची मुख्य नळी त्यांच्या इमारतीच्या पायाशी येऊन थांबली आहे. त्यामुळे त्या कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून रोज बावीस बादल्या वर नेतात. उजव्या गुडघ्याने संप पुकारला आहे. डॉक्टरांनी सांगितलं, जिना बंद करा. नाही तर गुडघा बंद होईल, आणि तो दुरुस्तीला घेत नाहीत. म्हणून मावशींनी घरात नळ मिळावा असा अर्ज केला.

हेडक्लार्कनी अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला आणि आदबीने विचारलं, "मावशी, तुमचं मत काय? डावऱ्या की टकल्या?"

"जो नळ जोडून देईल तो," मावशी म्हणाल्या.

हे उत्तर दोन्ही गटांच्या जिव्हारी लागलं. पण साहेबांनी ते आपल्या खोलीत ऐकलं आणि ते विचारात पडले. आपण दुसऱ्यांचे आकडे इतके बारकाईने पाहतो, मग आपले का पाहू नयेत? आठ दिवसांत त्यांचं परिपत्रक निघालं. त्यातला मुख्य भाग असा:

एक. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेल्यास तो पास धरावा.
दोन. शेरा लिहून गेल्यास तो निर्णायक पास धरावा. शेरा वाचता आलाच पाहिजे असे नाही.
तीन. ज्या टेबलानंतर प्रत्यक्ष जोडणी होईल, त्या टेबलास असिस्ट द्यावा.
चार. अंतिम सही हा गोलचा प्रयत्न समजावा. सहीनंतर जोडणी न झाल्यास प्रयत्न फसला असे नोंदवून सही करणाऱ्याची टक्केवारी कमी करावी.
पाच. फाइल वाहून नेणारा शिपाई हा खेळाडू नसून मैदान आहे.

पाचवं कलम मला मनापासून आवडलं. मैदानाला कोणी कारणे दाखवा नोटीस देत नाही.

चौथ्या कलमाचा परिणाम मात्र तिसऱ्याच दिवशी दिसू लागला. सही केली आणि जोडणी फसली, तर टक्केवारी घसरणार. पास कधी फसत नाही, कारण टेबलं जागेवरच असतात. तेव्हा शहाण्या माणसाने काय करावं? पास द्यावा. पहिल्या महिन्यात कार्यालयाने चारशे बारा पास दिले. दुसऱ्या महिन्यात एक हजार नऊशे सहा. त्याच काळात जोडण्या अकरावरून शून्यावर आल्या, परंतु अचूकता शंभर टक्के राहिली. मैदानाचे तळवे सोलवटले, पण त्यासाठी रकाना नव्हता.

मावशींची फाइल तर सगळ्यांची लाडकी झाली. तिला एकूण एकेचाळीस पास आणि नऊ निर्णायक पास मिळाले. एकदा ती एका दिवसात सहा टेबलं फिरून पुन्हा आवकबाईंकडे आली, तेव्हा सगळं कार्यालय उठून उभं राहिलं आणि टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, फाइल काखेत धरून.

मावशी दर सोमवारी येत. बाकावर बसत, गुडघा चोळत.

"झालं का हो?"

"मावशी, पाहण्यासारखी चाललीय तुमची फाइल," हेडक्लार्क म्हणत.

"पाहायला मी येतेच आहे. पाणी कधी येतंय?"

यावर उत्तर देणं भाग होतं, आणि हेडक्लार्क उत्तरदायी माणूस आहेत. फुटबॉलमध्ये अपेक्षित गोल म्हणून एक आकडा असतो. चेंडू कुठून मारला, समोर कोण होतं, यावरून गोल व्हायला किती हवा होता ते काढतात. मग तो झाला नाही तरी चालतं. त्याच धर्तीवर हेडक्लार्कनी अपेक्षित जोडणी काढली. अर्ज पूर्ण असल्यास तीस शतांश. नकाशा जोडल्यास पंचवीस. मुख्य नळी पायथ्याशी असल्यास बत्तीस. मावशींना सही-शिक्क्याचं पत्र गेलं: 'आपल्या घरी शून्य पूर्णांक सत्त्याऐंशी शतांश नळ आला असल्याचे कळविण्यास आनंद होत आहे.'

मावशी ते पत्र घेऊन आल्या.

"म्हणजे आलं का पाणी?"

"आकड्यात आलं," हेडक्लार्क म्हणाले.

"आकड्यात कपडे भिजतात का हो?"

"मावशी, सत्त्याऐंशी म्हणजे फार झाले. साहेबांच्या स्वतःच्या घरचा नळ चौसष्ट आहे."

"पण त्यांच्याकडे पाणी येतं!"

"तो त्यांच्या नशिबाचा भाग. आकड्याप्रमाणे यायला नको."

आवकबाईंनी या वेळी मावशींची बाजू घेतली, हे नमूद केलं पाहिजे. त्यांच्या मते आकडा एक्याण्णव हवा होता. त्यावर पुढचे दोन सोमवार गेले.

आता फिटरबद्दल. कार्यालयाच्या मागे भांडारघर आहे. तिथे पाइप, जोड आणि एक मोठा पाना घेऊन एक माणूस बसे. तो वादात नसे. डावऱ्या की टकल्या असं विचारलं तर "कोण?" म्हणे. असल्या माणसाकडे कोण लक्ष देणार? त्याने मात्र मावशींकडे लक्ष दिलं असावं. एका गुरुवारी त्याने खांद्यावर पाइप टाकले, पाना घेतला आणि मागच्या दाराने गेला. पस्तीस मिनिटांत त्याने तिसऱ्या मजल्यावर नळ जोडला.

मी तिथे पोचलो तो फिटरला द्यायची कारणे दाखवा नोटीस घेऊन. मावशींच्या मोरीत सगळी इमारत जमली होती. मावशी नळ सोडत होत्या, बंद करत होत्या, पुन्हा सोडत होत्या. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी टोपी काढून डोकं धारेखाली धरलं. शेजारीण मोबाइलवर चित्रण करत होती. फिटर ओल्या पायांनी उभा राहून हसत होता. मावशींनी मला ओढलं आणि म्हणाल्या, "भाऊ, हात घाल की! बघ, खरं आहे." मी नोटीस तोंडात धरून दोन्ही हात घातले. गार होतं, आणि खरं होतं.

कार्यालयात त्या चित्रणाची रीतसर फेरतपासणी झाली. साहेबांच्या खोलीत पडदे ओढून ते एकोणीस वेळा पाहिलं, पुढे, मागे, थांबवून. निष्कर्ष निर्विवाद होता. पाणी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी आलं. त्या क्षणी फाइल चौथ्या टेबलावर होती. पाणी आल्याची बातमी पोचल्यावर साहेबांनी निर्धास्तपणे सही केली, ती एक्कावन्नला. म्हणजे फिटर नऊ मिनिटं पुढे होता. त्याला खेळात ऑफसाइड म्हणतात, आणि असा गोल कितीही सुंदर असला तरी धरत नाहीत. (त्याच बैठकीत फिटरची आकडेवारीही काढली. पास शून्य. असिस्ट शून्य. शेरा: 'स्वार्थी खेळ'.)

नळ काढायचा तर पाना फिटरलाच चालवता येतो. त्याला बोलावलं. तो म्हणाला, "जोडलेलं सोडवायचं मी शिकलो नाही," आणि पाना टेबलावर ठेवून निघून गेला. तेव्हा रस्त्यावरची झडप बंद करायचं ठरलं. ती कोणालाही करता येते. मला पाठवलं. साडेतीन फेरे लागतात. वर खिडकीत मावशी उभ्या होत्या. मैदानाशी कोण बोलणार?

फिटरचा मामेभाऊ परदेशात आहे. महिन्याभरात फिटर तिकडे गेला आणि तिथल्या पाणी कंपनीत लागला. त्यानंतर कार्यालयात जे घडलं, ते पाहून कोणाचाही ऊर भरून यावा. फिटरच्या बायकोने आवकबाईंना फोनवर सांगितलं, त्याने पहिल्या दोनशे दिवसांत दोनशे बारा नळ जोडले. बाईंनी उठून फळा पुसला. डावऱ्या गेला, टकल्या गेला. मोठ्या अक्षरांत लिहिलं: आपला फिटर, दिवस २००, नळ २१२.

"आपल्या कार्यालयात घडलेला माणूस!" हेडक्लार्क म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. कार्यालयात पाणी म्हणाल तर तेवढंच.

"त्यातले दुरुस्तीचे किती?" दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं.

"दुरुस्तीचे का वजा करायचे?" बाईंनी शिक्का उचलला.

"पेनल्टी वजा करता, मग दुरुस्ती का नाही? आणि तिकडे पाण्याला दाब जास्त असतो. तिकडे कोणीही जोडेल."

साहेब बाहेर येऊन फळ्यासमोर हात मागे बांधून उभे राहत. त्यांनी वरिष्ठांना अहवाल पाठवला की, आमच्या कार्यालयाची या वर्षातली अपेक्षित जोडणी दोनशे बारा असून ती परदेशात फलद्रूप झाली आहे. वरिष्ठांकडून अभिनंदनाचं पत्र आलं. ते फळ्याच्या कडेला टाचलं आहे.

सोमवारी मावशी आल्या. आता त्यांच्या हातात काठी असते. सगळ्यांनी त्यांना फळ्यापाशी नेलं. मावशींनी आकडा वाचायला मला सांगितलं, आणि मी वाचला.

"दोनशे बारा?" मावशी म्हणाल्या. "गुणाचं लेकरू. बरं झालं हो त्याचं. इथे एकच जोडला होता बिचाऱ्याने."

"तो धरलेला नाही, मावशी," हेडक्लार्कनी समजावलं.

"माहीत आहे. मी धरला होता ना, हातात." आणि त्या जिना उतरू लागल्या, कारण कोपऱ्यावरचा नळ साडेबाराला जातो.

आता तुमच्याबद्दल. दोनशे बारा हा आकडा वाचून तुम्हालाही क्षणभर बरं वाटलं असेल. आपला माणूस, असंही मनात आलं असेल. मग तुम्ही त्याला दोनशेने भागलं असेल, आणि दिवसाला एकाहून थोडे जास्त पडतात हे पाहून मान डोलावली असेल. संकोचू नका, भागाकार बरोबर आहे. मात्र तो तुम्ही मावशींच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिन्याच्या मधोमध उभे राहून केलात. मावशी बावीसपैकी अकरावी बादली घेऊन तुमच्या मागे थांबल्या आहेत. झाला असेल, तर जरा बाजूला सरा.