जिराफाचा गुडघा

"बत्तीस वर्षं वस्तरा चालवतोय मी! आजवर कुणाच्या कानाला साधा ओरखडा नाही. मग ही एवढीशी गोष्ट मला लपवता येणार नाही होय? बघच तू!"

असे उद्गार उस्तादांनी आपल्या पत्नीसमोर काढले, तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि त्यांच्या आत्मविश्वासाला कोठेही तडा गेलेला नव्हता. परंतु वाचकहो, ती गोष्ट एवढीशी मुळीच नव्हती. टीव्हीवरील खेळांवरून उस्तादांचे मन उडाले होते!

हे कसे घडले, ते प्रथम निवेदन करणे आवश्यक आहे. उस्ताद हे एका लहानशा केशकर्तनालयाचे मालक आणि तेथील एकमेव कारागीर. 'उस्ताद' ही पदवी गिऱ्हाइकांनीच दिलेली. क्रिकेटचा सामना सुरू झाला म्हणजे ते टीव्हीपुढे अशा समाधीत जात, की पत्नीने धुतलेल्या कपड्यांची चळत मांडीवर ठेवली तरी शेवटच्या चेंडूपर्यंत ती तशीच सांभाळत. मात्र चार महिन्यांपूर्वी एका रविवारी, शेवटच्या षटकात अकरा धावा हव्या असताना, त्यांच्या असे ध्यानात आले की आपण चेंडूकडे पाहतच नाही. आपण फलंदाजाच्या मानेवरचे केस कोणी इतके वेडेवाकडे कापले, याचाच विचार करीत आहोत. पुढच्या चेंडूला त्यांना जांभई आली. त्याच्या पुढच्या चेंडूला ते उठले आणि स्वयंपाकघरातील गळका नळ पाहावयास गेले!

"संपली वाटतं मॅच?" पत्नीने विचारले.

"माहीत नाही."

"म्हणजे? कोण जिंकलं?"

"जिंकलं असेल कुणीतरी. पाना कुठे ठेवलायस?"

पत्नीने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंड होते. तापात तोंडाची चव जाते, परंतु ताप उतरल्यावर ती परत येते. उस्तादांची चव ताप न येताच गेली आणि परत आलीच नाही.

आता कोणी म्हणेल, मग बिघडले काय? अहो, सर्वच बिघडले! उस्तादांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक नवे सलून उघडले होते. तेथे फिरत्या खुर्च्या, थंड हवा आणि भिंतीएवढा टीव्ही. उस्तादांजवळ दोन खुर्च्या, त्यांतील एक डावीकडे कलणारी. तरीही त्यांचे गिऱ्हाईक टिकून होते, ते एकाच गुणावर. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याइतके रसाळ विवेचन पंचक्रोशीत कोणी करीत नसे. शिवाय समोरच्या कारागिरांचे डोळे पडद्यावर असत. मागे एकदा एक बळी पडला, तेव्हा खुर्चीतील एका सभ्य गृहस्थाची अर्धी भुवईही त्याच्यासोबत गेली होती. परंतु उस्तादांना सामन्यातले काही कळेनासे झाले आहे, ही वार्ता फुटती, तर लोक भुवयांची पर्वा न करता रस्ता ओलांडते!

चार महिने त्यांनी नुसत्या हुंकारांवर निभावले होते. पहिली खरी परीक्षा त्या सकाळी औषधांच्या दुकानाच्या मालकांनी घेतली. दाढीसाठी मान मागे टाकून ते म्हणाले, "काय उस्ताद, कालचं काय म्हणता?"

उस्तादांनी पाणी मारले. ब्रश फिरवला. पुन्हा फिरवला. फेस इतका वाढला की औषधवाल्यांचे नुसते डोळे उरले. जणू बर्फात पुरला गेलेला मनुष्य कोणी काढील म्हणून वाट पाहत आहे. अखेरीस उस्तादांनी मदतीसाठी वर पाहिले. भिंतीवर प्राण्यांचे कॅलेंडर होते आणि त्या महिन्याला जिराफ आला होता.

"म्हणायचं काय त्यात? जिराफ नसता तर गेलोच होतो आपण!"

फेसातील डोळे दोनदा मिचकले.

"जिराफ..." फेसातून आवाज आला.

"तो नवा हो. उंच. गोलंदाज."

"हां हां हां! जिराफ! अहो, तेच म्हणतोय मी! आमच्या हिला कालच सांगितलं, हा पोरगा नसता तर कारभार आटोपला होता!"

उस्तादांचा वस्तरा हवेतच थांबला.

"डावखुराच ना तो?" औषधवाल्यांनी विचारले.

"डावखुराच."

"तरीच!"

संध्याकाळी निवृत्त मुख्याध्यापक आले. त्यांना सारे हेडसर म्हणत. ते येतानाच रागावलेले होते. "उस्ताद, कर्णधाराला काही अक्कल आहे का? जिराफाला इतक्या उशिरा आणतात?"

"तुम्ही... तुम्ही पाहिलंत सर?"

"पाहिलंत काय विचारता? माझ्या शाळेतला विद्यार्थी तो! मागच्या बाकावर बसायचा. उंचीमुळं."

उस्तादांना घेरी आल्यासारखे झाले. स्वतः निर्माण केलेला मनुष्य आपल्याआधी शाळेत जाऊन आलेला ऐकून कोणाला येणार नाही?

पुढील पंधरा दिवसांत जिराफाची कीर्ती चौफेर पसरली. तो खेळत होता, हे सर्वांनी पाहिले होते. एके सकाळी दोन तरुण येऊन 'जिराफ कट' मागू लागले. उस्तादांनी पहिल्याला मागे केस राखून बाजू उतरवल्या. दुसऱ्याची पाळी येईतो काय केले होते ते विसरल्यामुळे, त्याला नेमके उलट केले. झाले! आरशासमोरच जुंपली.

"हा जिराफ कट? अरे, जिराफ मागून बारीक असतो!"

"तू कधी बघितलास रे त्याला?"

"प्रत्येक मॅचला! तू?"

"मी? मी त्याला हॉटेलात चहा पिताना बघितलाय! वाकून प्यायला बिचारा, टेबल ठेंगणं पडतं त्याला!"

दुसऱ्याच दिवशी समोरच्या सलूनवर फलक झळकला: 'अस्सल जिराफ कट येथेच मिळेल.' खाली बारीक अक्षरात लिहिले होते, 'जिराफाच्या घरच्या कारागिराकडून.'

"घ्या," खिडकीतून तो फलक वाचत पत्नी म्हणाली, "पोरगं तुमचं आणि नांदायला गेलं समोरच्याकडे! अहो, संपवा आता हा पोरखेळ."

"कसा संपवू?"

"जसा आणलात तसाच घालवा. आणताना विचारलं होतंत का मला?"

या सल्ल्यानुसार उस्तादांनी त्या शनिवारी, जड अंतःकरणाने, जिराफाचा गुडघा मोडला. औषधवाले खुर्चीत होते, हेडसर बाकावर होते. उस्ताद खोल आवाजात म्हणाले, "वाईट झालं मंडळी. जिराफाचा गुडघा गेला. आता काही तो खेळत नाही."

"कुठला गुडघा?" औषधवाले ताडकन उठून बसले.

"उजवा."

"बघा! मी म्हणतच होतो! डावा मागच्या वर्षीच गेला होता. मलम आमच्याकडूनच जायचं त्याला!"

"त्याला मुद्दाम जास्त षटकं टाकायला लावली!" हेडसर गरजले. "आपल्यातला पोरगा वर आला की डोळ्यांत खुपतो यांच्या! मी गप्प बसणार नाही. सभा घेतो सभा! आणि उस्ताद, मुख्य भाषण तुमचं. त्याला सर्वांआधी ओळखलंत ते तुम्ही."

एवढे मात्र खरे होते.

रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात दीडशे माणसे जमली. समोरच्या सलूनचे मालक पहिल्या रांगेत होते. व्यासपीठावर जिराफाचे मोठे चित्र होते. छायाचित्र कोणाकडेच न सापडल्यामुळे ते फलक रंगवणाऱ्या चित्रकाराकडून काढून घेतले होते. त्याने जिराफाला पाठमोरा रंगवला होता आणि येणारा प्रत्येक जण "हुबेहूब!" म्हणून मान डोलावीत होता. एका आजीबाईंनी तर चित्राजवळ जाऊन गुडघ्याच्या ठिकाणी हलकेच फुंकर घातली.

ते दृश्य पाहून उस्तादांना आपली खुर्ची आठवली. दाढी करताना गिऱ्हाईक डोळे मिटून गळा पुढे करते. बत्तीस वर्षे जो विश्वास वस्तऱ्याने राखला, तो जिभेने कापला, असे त्यांना वाटले. हेडसरांनी नाव पुकारताच ते उभे राहिले. बोलण्यासाठी लिहून आणलेला कागद त्यांनी खिशात परत घातला.

"मंडळी, मला माफ करा. जिराफ नावाचा कुणी खेळाडू नाही. मी तो तोंडाला येईल तसा बनवला. गेले चार महिने मी एकसुद्धा सामना पाहिलेला नाही. मनच उडालंय माझं. पण तुम्ही समोर जाल, या भीतीनं..."

हेडसर सावकाश उठले.

"चार महिने पाहिलं नाहीत?"

"नाही सर."

"एकही सामना?"

"एकही नाही."

"मग जिराफ नाही, हे तुम्हाला कळलं कसं?"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की चित्र पडता पडता राहिले! उस्तादांनी खिशातला कागद पुन्हा काढला, उलटून पाहिला आणि परत ठेवला.

"आम्ही रोज बघणारे म्हणतो, आहे. आणि हे न बघता सांगतात नाही!" मागून कोणी ओरडले.

"माझा फलक लागला, म्हणून पोटात दुखतंय!" सलूनचे मालक म्हणाले.

सभेने दोन ठराव एकमताने संमत केले. पहिला, जिराफास संघात परत घ्यावे. दुसरा, उस्तादांनी यापुढे खेळावर बोलू नये.

दुसऱ्या दिवसापासून दुकान ओस पडले. उस्ताद खुर्ची पुसत, ती पुसून झाली की दुसरी पुसत आणि मग पुन्हा पहिली. रस्त्यापलीकडे रांग लागलेली दिसे. पत्नीने त्यांना टोमणा मारणेसुद्धा सोडून दिले, यावरून प्रसंगाचे गांभीर्य वाचकांच्या लक्षात यावे. चौथ्या दिवशी उस्ताद वस्तऱ्यांची पेटी घरी नेण्यासाठी बांधत असता औषधवाले आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतले.

"दाढी करा. पण एक शब्द बोलू नका."

अर्धी दाढी झाली. मग ते हळूच म्हणाले, "उस्ताद, तुम्ही सभेत म्हणालात ना, मन उडालं म्हणून? माझंही उडालंय. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं! मग जिराफ?"

"तुम्ही म्हणालात म्हणजे असणारच, असं धरून चाललो. आता सगळ्या गावात मीच एकटा अडाणी दिसायचो का? शपथ घ्या, कुणाला सांगणार नाही!"

उस्तादांनी शपथ घेतली. तासाभराने हेडसर आले. त्यांनीही दार लोटले. त्यांची तीन वर्षे झाली होती.

"पण सर, तो तुमच्या शाळेत होता ना? मागच्या बाकावर?"

"मागच्या बाकावर कुणीतरी उंच असतोच हो!" हेडसर कळवळून म्हणाले. "आणि उस्ताद, हे आपल्या दोघांतच."

आठवडाभरात बाक भरू लागला. समोर गेले की सामन्यावर मत द्यावे लागते, येथे उस्तादांना बोलण्याचीच बंदी! प्रत्येक जण चोरासारखा येई, जुने मासिक तोंडासमोर धरी आणि शेजारचा आता खेळाचा विषय काढतो की काय, या धास्तीने अंग चोरून बसे. सर्वांचे गुपित एकच आहे, हे फक्त उस्तादांना ठाऊक होते. परंतु त्यांनी सर्वांपुढे शपथा घेतल्या होत्या. दुकान पूर्वीपेक्षा दुप्पट चालू लागले.

आणि एके दुपारी, बाकावर सहा मासिके ओळीने उभी असताना, टोपी कपाळावर ओढून एक गृहस्थ थेट खुर्चीत येऊन बसले. टोपी काढल्यावर पाहतात तो काय, समोरच्या सलूनचे मालक!

"उस्ताद, दाढी करा," ते दबक्या आवाजात म्हणाले. "तिकडे दिवसभर तो टीव्ही किंचाळतो. डोकं फिरायची पाळी आलीय. खेळात मला पहिल्यापासूनच काडीचा रस नाही हो."

उस्तादांनी फेस केला. मालकांनी डोळे मिटून गळा पुढे केला. वस्तरा हनुवटीखाली आला, तेव्हा त्यांनी एकच डोळा उघडला.

"एवढं एकच खरं सांगा. आमच्या एवढ्या मोठ्या पडद्यावर हल्ली कुठे दिसत नाही तो. जिराफ... बरा आहे ना?"

उस्तादांचा हात थांबला. खरे सांगण्याचा अनुभव त्यांनी एकदा घेतला होता. त्यांनी गिऱ्हाइकाच्या गळ्याकडे पाहिले, रिकाम्या झालेल्या समोरच्या सलूनकडे पाहिले, आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने आवाज खाली आणून म्हणाले,

"बरा आहे. पुढच्या महिन्यात उतरतोय मैदानात."

आणि बाकावरच्या सहाही मासिकांआडून एकाच वेळी सुटकेचा निःश्वास ऐकू आला.